विद्यापीठातून आलेल्या आणि परत येत राहिलेल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

आमच्या वस्तीतला तुमचा आरोग्याचा प्रोजेक्ट संपला, तुम्ही दुसऱ्या भागातल्या कामावर गेलात आणि निरोपाच्या दिवशी एवढी गर्दी होती की जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, म्हणजे तुमच्याबरोबर बाकीच्यांनीही वाचावं, आणि विद्यापीठात असे आउटरीच प्रोग्राम, म्हणजे लोकांमध्ये जाऊन करायची कामं, चालू ठेवायचे की बंद करायचे हे जे लोक ठरवतात त्यांनी तर नक्कीच वाचावं.

सगळ्यात आधी आभार तुम्ही परत आल्याबद्दल. सर्व्हेला येणारी माणसं आम्हाला नवीन नाहीत हो. येतात, घरात माणसं किती, कोणाला काय आजार, पाणी कुठून भरता, सगळं विचारतात, सही घेतात आणि जातात, त्या माहितीचं पुढे काय होतं ते आम्हाला कधी कळतच नाही. तुम्ही मात्र सर्व्हे झाल्यावर मोठे तक्ते घेऊन आलात, ते हॉलच्या भिंतीवर लावलेत आणि म्हणालात की हे तुम्हीच सांगितलेलं आहे, नीट बघा आणि काही चुकलं असेल तर सांगा. त्यात कोणाचं नाव नव्हतं, घर नंबर नव्हता, आणि एखादा आजार दोन-चारच घरांत असेल तर तो आकडासुद्धा तुम्ही लावला नव्हता, कारण एवढ्याशा वस्तीत कोण ते लगेच ओळखलं गेलं असतं. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. आमची माहिती ही आमची आहे असं समजून कोणीतरी ती पहिल्यांदाच हाताळली.

आणि त्या तक्त्यांसमोर जी चर्चा झाली तिने तर तुमचा प्लॅनच बदलला. तुम्ही आला होतात शुगर आणि बीपीचं काम ठरवून, पण लोक बोलायला लागले तेव्हा निघालं भलतंच. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करणाऱ्या बायकांची रात्र रात्र झोप होत नाही, पुरानंतर पाऊस वाढला की पोरं घाबरतात, काही पुरुष घरात बोलेनासे झालेत. तुम्ही ते सगळं लिहून घेतलंत आणि पुढच्या वेळी आलात तेव्हा कार्यक्रमात हे विषय वर आले होते, शुगर-बीपी होतंच पण खाली सरकलं होतं. मंजूर झालेला प्लॅन असा बदलायचा म्हणजे ऑफिसमध्ये किती जणांना पटवून द्यावं लागलं असेल याची कल्पना आहे मला, तुम्ही त्याबद्दल कधी बोलला नाहीत ती गोष्ट वेगळी.

आता बीपीचं सांगते, कारण आमच्या घरात सगळ्यात जास्त फरक तिथे पडला. सासऱ्यांचं बीपी कधी खूप जास्त यायचं कधी एकदम बरं, आणि मग गोळी घ्यायची की नाही यावरून रोज वाद. तुम्ही पहिल्या दिवशी मशीनला हातच लावला नाहीत, आधी बसायचं कसं ते शिकवलंत. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर आणि दंडाच्या मापाचा, अर्धा तास आधी चहा-कॉफी किंवा सिगरेट नाही, लघवी तुंबलेली नको, पाच मिनिटं शांत बसायचं आणि मोजताना अजिबात बोलायचं नाही. हात लोंबता ठेवला, पट्टा छोटा पडला किंवा मोजता मोजता गप्पा मारल्या तरी आकडा वर जातो हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. दोन वेळा मोजायचं, मध्ये एक मिनिट सोडायचं, दोन्ही आकडे वहीत लिहायचे आणि ती वही डॉक्टरांना दाखवायची. दवाखान्यात १४०/९० ची रेषा धरतात तशी घरच्या मोजण्याला बऱ्याच ठिकाणी १३५/८५ धरतात, आणि एका दिवसाच्या एका आकड्यावरून घाबरायचंही नाही आणि खूशही व्हायचं नाही, हे तुम्ही इतक्या वेळा सांगितलंत की आता सासरेच शेजाऱ्यांना सांगतात. वही बघून डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलली आणि घरातला वाद मिटला. बीपी वाढलेलं असतं तेव्हा बहुतेकांना काहीच जाणवत नाही, त्यामुळे बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करायची नाही, हे त्यांना तुमच्या तोंडून पटलं, आमच्या कोणाच्या नाही.

शुगरच्या बाबतीत तुम्ही घाबरवलं नाहीत याचे वेगळे आभार. इतर ठिकाणी डायबेटिस म्हटलं की आधी पाय कापल्याचे फोटो दाखवतात. तुम्ही २००२ साली छापून आलेल्या त्या अमेरिकन अभ्यासाची माहिती दिलीत, तीन हजारांवर लोक, सगळे डायबेटिसच्या उंबरठ्यावरचे, त्यातल्या ज्यांनी वजन साधारण ७ टक्के कमी करायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा असं ध्येय ठेवलं त्यांच्यात डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं, गोळी घेणाऱ्या गटात ३१ टक्क्यांनी. आणि साठीच्या पुढच्यांना तर चालण्या-खाण्याचा फायदा आणखी जास्त झाला होता. हे ऐकून म्हातारी माणसं जी सरळ होऊन बसली ना! आमचा संध्याकाळचा चालायचा ग्रुप त्यातूनच झाला. धोका कमी होतो, पूर्ण जात नाही, तपासणी करत राहायची, हेही तुम्ही त्याच वेळी स्पष्ट सांगितलंत म्हणून लोकांचा विश्वास बसला.

पण ताई, बायकांच्या मनात जे बसलंय ते रुग्णाचं करणाऱ्यांसाठीचं सेशन. आजारी माणसाची चौकशी सगळे करतात, त्याचं करणारीची कोण करतं? तुम्ही पहिला प्रश्नच विचारलात, तुम्ही शेवटचं सलग कधी झोपलात. हॉलमध्ये बराच वेळ कोणी बोललं नाही आणि मग एकीने सुरुवात केली आणि थांबेचना, तिच्यामागे बाकीच्या. त्यानंतर तुमच्या नर्सिंगच्या मुलींनी पलंगावर प्रत्यक्ष करून दाखवलं, साधारण दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, पडून पडून जखमा होतात म्हणून टाचा आणि माकडहाड रोज का बघायचं, कातडी लाल झाली असेल तर तिथे चोळायचं नाही, उचलताना कमरेतून न वाकता गुडघ्यातून वाकायचं. अर्धांगवायूची खूण कशी ओळखायची तेही, तोंड एका बाजूला वाकडं, एक हात खाली पडतो, बोलणं जड येतं, की लगेच मोठ्या हॉस्पिटलला, कारण गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि लक्षणं आपोआप गेली तरी जायचंच. मग तुम्ही आमच्यातच पाळ्या लावून दिल्यात. एकीने दुसरीच्या घरी दुपारी बसायचं म्हणजे तिला दोन तास झोपता येईल. याला पैसा लागला नाही, मशीन लागलं नाही, फक्त कोणीतरी सगळ्यांना एका खोलीत बसवून हे विचारायला हवं होतं.

पुराबद्दल लिहायला थोडं जड जातं. तुमचं काम सुरू व्हायच्या आधी पाणी आलं होतं आणि त्याचं जे मनात बसलं होतं त्याबद्दल कोणी बोलत नव्हतं. जे मदत घेऊन यायचे ते प्रत्येक जण विचारायचे, काय झालं सांगा, कसं झालं सांगा, आणि माणसं तेच तेच सांगून आणखी खचायची. तुम्ही आमच्या स्वयंसेवकांना मानसिक प्रथमोपचार शिकवलात, जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेवरून, बघा, ऐका, जोडून द्या. खोदून विचारायचं नाही, बोलायचं नसेल तर नुसतं शेजारी बसायचं, आत्ता काय लागतंय ते विचारायचं, खोटं आश्वासन द्यायचं नाही आणि जिथे आपलं काम संपतं तिथून पुढे डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी जोडून द्यायचं. आणि एक गोष्ट, जी ऐकून आम्ही सगळेच दचकलो होतो: एखादा माणूस जगण्याला कंटाळल्यासारखं बोलत असेल तर जीव द्यायचे विचार येतात का असं त्याला सरळ विचारायचं, विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. आमच्यातल्या एका मुलाने असं विचारलं होतं, एका घरी. त्या माणसाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं. जास्त लिहीत नाही. ते घर आज तुमचं नाव काढतं एवढं तुम्हाला माहीत असावं.

पुढच्या पुराची तयारी मात्र तुम्ही हातात खडू देऊन करून घेतलीत. जमिनीवर वस्तीचा नकाशा काढला, कोणाला स्वतः चालता येत नाही, कोण एकटं राहतं, कोणाचं इन्सुलिन फ्रिजमध्ये आहे, कोणत्या घरी तान्हं बाळ आहे, आणि प्रत्येकाच्या नावापुढे शेजारच्या दोन माणसांची नावं. यादी कागदावर पण, कारण मोबाइल बंद पडतो. पिण्याचं पाणी खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळायचं, पण त्यात केमिकल किंवा डिझेल मिसळलं असेल तर उकळून उपयोग नाही. वीज गेल्यावर न उघडलेला फ्रिज जेमतेम चार तास थंड राहतो, मग नासणारं अन्न टाकून द्यायचं. जनरेटर घरात कधीच लावायचा नाही, त्याच्या धुराने माणूस झोपेत जातो. जपानमधल्या कोबेच्या १९९५ च्या भूकंपात अडकलेल्या बहुतेक लोकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढलं होतं हे तुम्ही सांगितलंत तेव्हा शेजाऱ्यांची नावं लिहायला सगळे स्वतःहून पुढे आले.

तुमच्यामुळे मी थोडं वाचायला पण लागले. विद्यापीठाने भिंतीबाहेर यायचं ही कल्पना किती जुनी आहे बघा, केंब्रिजने १८७३ मध्येच दुसऱ्या गावांमध्ये जाऊन कामगारांसाठी, बायकांसाठी वर्ग सुरू केले होते. अमेरिकेत १९१४ साली चक्क कायदा झाला की विद्यापीठांनी शेतीचं आणि गृहविज्ञानाचं ज्ञान वर्गात न येणाऱ्या लोकांपर्यंत न्यायचं, आणि १९९३ च्या मिसिसिपीच्या महापुरानंतर तिथल्या विद्यापीठांच्या विस्तार विभागांनी आपत्तीच्या माहितीसाठी आपसात एक जाळं उभं केलं. म्हणजे तुम्ही जे करता त्याला दीडशे वर्षांची वाट आहे ताई, ते कोणाच्या मर्जीवरचं समाजकार्य नाही.

म्हणूनच विद्यापीठातल्या मोठ्या लोकांना हात जोडून सांगणं आहे. पेपर किती छापले ते मोजता तसं हे पण मोजा. आणि प्रोजेक्टची मुदत संपली की माणूस उचलून दुसरीकडे टाकायचा असं करू नका, कारण लोकांचा विश्वास बसायलाच पहिलं वर्ष जातं आणि खरं काम त्यानंतर होतं. ताईंनी जाण्याआधी मशीन, वही, यादी सगळं आमच्याकडे सोपवलं, दोन-तीन बैठका आम्हालाच घ्यायला लावल्या आणि स्वतः मागे बसल्या, म्हणून ते चालू राहिलं. प्रत्येक ठिकाणी असं होतंच असं नाही.

तुमच्याबरोबरच्या मुलामुलींनाही सांगा. सुरुवातीला ती वहीतून वाचून बोलायची, अर्धं कळायचं नाही, शेवटी शेवटी म्हाताऱ्यांच्या पलंगावर बसून गप्पा मारत सगळं काढून घ्यायची. पुढे डॉक्टर, नर्स, शिक्षक काहीही झाली तरी त्यांच्यासमोर येणाऱ्या माणसाचं नशीब चांगलं आहे.

बाकी इथलं सांगते. बीपीची वही चालू आहे, मोजायला आता तीन मुली तयार झाल्यात. दुपारच्या पाळ्या मध्ये थांबल्या होत्या, परत सुरू केल्यात. शेजाऱ्यांची यादी पावसाच्या आधी पुन्हा तपासतोय, दोन घरं बदललीत. पुढच्या बैठकीत उन्हाळ्याचा विषय घेतलाय, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे कडक उन्हाच्या दिवसांत रोज कोणी डोकावायचं ते ठरवायचंय. जमलं तर या. या वेळी तुम्ही काही आणू नका, तक्ते आम्ही तयार केलेत, भिंतीवर लावून ठेवतो, तुम्ही बघा आणि काही चुकलं असेल तर सांगा.

तुमची,
चालायच्या ग्रुपमधली एक