कार्यशाळेपूर्वी सॉफ्टवेअर तपासून येण्याबाबत

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, मायक्रोकंट्रोलरवरील (एका चिपमध्ये मावणाऱ्या छोट्या संगणकावरील) मशीन लर्निंगची कार्यशाळा येत्या रविवारी सकाळी १० वाजता कोथरूड येथे आपल्या नेहमीच्या जागेत होईल. आवश्यक सॉफ्टवेअर प्रत्येकाने शुक्रवारपर्यंत घरीच बसवावे, कारण एकाच वायफायवर सगळ्यांनी डाउनलोड सुरू केले की सकाळ त्यातच जाते.

आर्डुइनो आयडीई (बोर्डसाठी प्रोग्रॅम लिहिण्याचे व त्यावर चढवण्याचे सॉफ्टवेअर) बसवून त्याच्या बोर्ड्स मॅनेजरमधून एमबेड ओएस नॅनो बोर्ड्सचे पॅकेज घ्यावे आणि नॅनो ३३ बीएलई सेन्स हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड संगणकाला जोडून ‘ब्लिंक’ हा दिवा उघडझाप करणारा नमुना प्रोग्रॅम चालवून पाहावा. प्रोग्रॅम पहिल्यांदा कंपाइल होण्यास (बोर्डला समजेल अशा रूपात बदलण्यास) बराच वेळ लागतो. ते मध्येच थांबवू नये.

आयडीईत बोर्ड दिसत नसल्यास :

– आधी केबल बदलावी. काही केबल केवळ चार्जिंगच्या असतात, त्यांतून डेटा जात नाही; बऱ्याच तक्रारींचे मूळ इथेच निघते.
– बोर्डवरचे रिसेटचे बटण लागोपाठ दोनदा दाबावे. त्यानंतर पोर्टचा (बोर्ड ज्या जोडणीवर दिसतो तिचा) क्रमांक बदलू शकतो, म्हणून तो आयडीईच्या मेनूतून पुन्हा निवडावा.
– उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) पोर्ट वापरण्याची परवानगी नाकारली गेल्यास आपले खाते ‘डायलआउट’ या पोर्ट वापरण्याची मुभा असलेल्या वापरकर्ता-गटात घालून पुन्हा लॉगइन करावे.

तरीही अडल्यास त्रुटीचा संपूर्ण संदेश शनिवारी दुपारपर्यंत सभासदांच्या गटावर पाठवावा. नुसत्या ‘चालत नाही’वरून निदान होत नाही.

– संयोजक