त्रास नसताना करायची तपासणी

ती. आई आणि बाबा यांना,
सा. नमस्कार.

परवा फोनवर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या तपासणीचा विषय निघाला, तेव्हा बाबा म्हणाले, "मला काही त्रासच नाही, मग तपासणी कशासाठी?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर सावकाश द्यावे असे वाटले, म्हणून हे पत्र.

बाबा, हा आजार बहुतेक वेळा आतड्याच्या आतल्या अस्तरावर आलेल्या पॉलिपपासून, म्हणजे एखाद्या लहानशा मांसल कोंबापासून सुरू होतो. असे बहुतेक कोंब निरुपद्रवीच राहतात. मात्र ज्या थोड्यांचे पुढे कर्करोगात रूपांतर होते, त्यांना त्यासाठी साधारणपणे दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो, आणि त्यातला बराच काळ माणसाला काहीही जाणवत नाही. म्हणूनच ही तपासणी त्रास नसलेल्यांसाठीच आखलेली आहे. शौचावाटे रक्त जाणे, शौचाची सवय बदलून तशीच राहणे, कारण नसताना वजन उतरणे यांपैकी काही दिसले, तर घरी करायच्या शौचाच्या चाचणीची वाट न पाहता सरळ डॉक्टरांकडेच जायला हवे.

लोक या तपासणीला का तयार होतात, हे मी मुद्दाम वाचून पाहिले. भीतीमुळे काही जण पुढे येतात, तर तितक्याच भीतीमुळे काही जण निकाल कळायलाच नको म्हणून मागे राहतात. नेहमीच्या डॉक्टरांनी स्वतः सांगितलेले असणे, जवळच्या कुणाचे आजारपण पाहिलेले असणे, घरात जोडीदारानेही तपासणी केलेली असणे, ही कारणे अधिक उपयोगी पडतात. मला स्वतःला पटलेले कारण मात्र वेगळे आहे. इतर अनेक तपासण्या रोग लवकर शोधतात. इथे कोलोनोस्कोपी करताना, म्हणजे दुर्बिणीतून मोठे आतडे आतून तपासताना, पॉलिप दिसला, तर तो बहुधा त्याच वेळी काढून टाकता येतो, म्हणजे जो कर्करोग पुढे झाला असता तो होतच नाही.

आई, तुला वाटणारा संकोच मी समजू शकते. शौचाची चाचणी, म्हणजे शौचातले डोळ्यांना न दिसणारे रक्त शोधणारी चाचणी, घरीच, एकांतात करायची असते. छोट्या काडीने किंचित नमुना घेऊन ती नळीत बंद करायची आणि प्रयोगशाळेकडे पाठवायची, एवढेच. नव्या पद्धतीच्या चाचणीत मानवी रक्तातले हिमोग्लोबिनच ओळखले जात असल्याने जुन्या चाचणीसारखे खाण्याचे पथ्यही लागत नाही. जुन्या चाचणीचाही उपयोग लहान नव्हता: अमेरिकेतल्या मिनेसोटा येथील, १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दरवर्षी चाचणी करणाऱ्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू तेरा वर्षांत सुमारे ३३ टक्क्यांनी कमी आढळले.

चाचणीत रक्त आढळले म्हणजे कर्करोगच झाला असे नाही. मूळव्याधीमुळेही ते येऊ शकते. पण तसा निकाल आला तर कोलोनोस्कोपी टाळून चालणार नाही, कारण पुढचे पाऊल उचलायचे नसेल तर पहिले उचलण्यात अर्थ नाही. तिच्या आदल्या दिवशी पोट साफ करण्याचे औषध घ्यावे लागते, आणि खरे सांगायचे तर अनेकांना तपासणीपेक्षा तेच नकोसे वाटते. रक्तस्राव होण्याचा किंवा आतड्याला छिद्र पडण्याचा धोका फार थोडा असतो, पण असतो. निकाल चांगला आला तरी तो कायमचा दाखला नव्हे. एक-दोन वर्षांनी चाचणी पुन्हा करावी लागते. वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर तपासणी करावी की नाही, हे प्रत्येकाची प्रकृती पाहून ठरवतात. तुम्ही दोघेही अजून त्याच्या आत आहात. हे सगळे लक्षात घेऊन तुम्ही नको म्हणालात, तर मी पुन्हा आग्रह धरणार नाही.

आई, तुझ्या बाबतीत मात्र एक गोष्ट वेगळी आहे. सख्ख्या भावाला हा आजार झालेला असल्यास बहिणीचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट मानला जातो, त्यामुळे मामाच्या आजारपणाचे ऐकल्यावर डॉक्टर तुला घरची चाचणी न सांगता थेट कोलोनोस्कोपीही सुचवू शकतील. मामीकडे जुने रिपोर्ट असतील. निदान झाले तेव्हा मामाचे वय नेमके किती होते, ते त्यांतून पाहून ठेव, कारण डॉक्टर ते आवर्जून विचारतील.

तुमची लेक