‘ना भाडं, ना घरमालक’ हे खरं नव्हे

संपादक महाशय,

शिडाच्या बोटीवर संसार करणाऱ्या जोडप्यांविषयीचा ‘ना भाडं, ना घरमालक’ हा आपल्या रविवार पुरवणीतला लेख इथे फिजीत मोबाइलवर वाचला. माझे यजमान मर्चंट नेव्हीतून निवृत्त झाले आणि तेव्हापासून आमचं बिऱ्हाड एका जुन्या शिडाच्या बोटीवरच आहे. लेखातलं समुद्राचं वर्णन सुरेख आहे. पण ‘मन रमेल तिथे नांगर टाका’ आणि ‘मासे फुकट, भाला असला की झालं’ ही दोन वाक्यं वाचून गप्प बसवेना.

फिजीत गावासमोरचं पाणी गावाचं मानतात. किनाऱ्यापासून प्रवाळाच्या भिंतीपर्यंतचा हा पट्टा म्हणजे न्गोलीन्गोली. तिथल्या मासेमारीचा हक्क त्या त्या कुळांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. म्हणून लांबच्या बेटावर नांगर टाकला की पोहणंबिहणं नंतर. आधी डिंगीतून किनारा गाठायचा, गावच्या कारभाऱ्याला (तुरांगा-नि-कोरो) भेटायचं आणि त्याच्यासोबत प्रमुखाच्या घरी जाऊन सेवुसेवु, म्हणजे भेट देऊन परवानगी मागण्याचा रिवाज, करायचा.

त्यासाठी यंगोनाच्या, म्हणजे ज्यापासून कावा हे पेय करतात त्या झुडपाच्या, वाळल्या मुळ्यांची अर्धा किलोची जुडी लागते. आम्ही सावुसावूच्या बाजारातून अशा जुड्या आधीच घेऊन ठेवतो. विकणारी बाई गिरमिटियांच्या वंशातली. १८७९ ते १९१६ या काळात करारावर इथे आणलेल्या साठ हजारांवर हिंदुस्थानी मजुरांपैकी कुणीतरी तिचे पूर्वज. तिची फिजी हिंदी आणि माझी मुंबईची हिंदी यांत घासाघीस छान रंगते, जिंकते मात्र तीच! जुडी वर्तमानपत्रात गुंडाळून वर रिबीन बांधून देते.

गावात शिरताना टोपी आणि गॉगल उतरवायचा, पिशवी खांद्यावरून काढून हातात धरायची. मी गुडघ्याखाली येईल असा सुलू (इथली लुंगीच म्हणा) गुंडाळते, खांदे झाकते. यजमानही सुलूच नेसतात. चटईवर मांडी घालून बसायचं. (इथे आपण भारतीय सरस; गोऱ्या खलाशांच्या गुडघ्यांची दया येते.) जुडी हातात द्यायची नाही, समोर चटईवर ठेवायची. प्रमुखाने ती उचलली की आपला स्वीकार झाला. मग फिजीयन भाषेत चार वाक्यं, पोकळ तळव्यांच्या घुमणाऱ्या टाळ्या, आणि नारळाच्या करवंटीतून मातकट चवीचा, जीभ बधिर करणारा कावा. तिथून पुढे तुम्ही गावाचे पाहुणे.

आता फुकटच्या माशांविषयी. प्रवाळाचा तो पट्टा म्हणजे गावाचं कोठार. मोठा प्रमुख वारला की त्यातला काही भाग रिवाजाप्रमाणे शंभर रात्री मासेमारीला बंद ठेवतात. काही गावं माशांची पैदास वाढावी म्हणूनही तो बंद ठेवतात. पाण्यावर पाटी लावलेली नसते, विचारावंच लागतं. न विचारणाऱ्याच्या जिवालाही धोका आहे. प्रवाळातल्या काही माशांत सिग्वाटेराचं विष असतं. ते शिजवून जात नाही, त्याला वास नाही, चव नाही. तोच मासा बेटाच्या एका अंगाला खाण्याजोगा, तर दुसऱ्या अंगाला विषारी निघतो. कुठला कुठे खावा हे त्या गावातल्या बायकांना नेमकं ठाऊक असतं.

लेखातल्या फोटोत चकचकीत सागवानी डेक आहे, त्यावरही बोलते. आमची बोट सत्तरच्या दशकात तैवानमध्ये बांधलेली, डेक तसाच सागवानी. त्या पट्ट्या खालच्या फायबरग्लासमध्ये शेकडो स्क्रूंनी बसवलेल्या असतात आणि पन्नास वर्षांनी प्रत्येक स्क्रू ही गळतीची जागा होते. भाड्याचे वाचलेले पैसे तिथे जातात. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा हंगाम. २०१६ च्या फेब्रुवारीत आलेल्या विन्स्टनने फिजीत ४४ बळी घेतले. त्यामुळे त्या महिन्यांत एकतर खाली न्यूझीलंड गाठायचं, नाहीतर बोट जमिनीतल्या चरात टायरांवर टेकवून जखडून ठेवायची.

लेखाच्या शेवटी सामानाची यादी आहे. तीत भाला आहे, ड्रोन आहे, झोपाळा आहे. पुढच्या वेळी छापाल तेव्हा यंगोनाची जुडी आणि दोन सुलू तेवढे घाला. आणि ड्रोन गावावर उडवण्याआधी तुरांगा-नि-कोरोला विचारावं, हेही.

आपली,
एक वाचक
सावुसावू, फिजी (मूळ रेवदंडा)