बाबा, चूक तुमची नव्हती

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, परवा फोनवर 'माझंच काहीतरी चुकलं असेल' म्हणालात, ते डोक्यातून जात नाहीये. दवाखान्यात रेंज नव्हती आणि आईच्या बीपीच्या सहा महिन्यांच्या नोंदी दाखवायच्या ऐवजी ॲप नुसतं गोल गोल फिरत बसलं. नोंदी तुम्ही याच फोनवर रोज सकाळ-संध्याकाळ टाकलेल्या. मग त्या फोनमध्ये का नव्हत्या? कारण तुम्ही लिहिलेला प्रत्येक आकडा कंपनीच्या सर्व्हरवर जातो, आणि आपलाच आकडा बघायला फोनला दर वेळी तिकडे हात पसरावा लागतो. जागेची अडचण म्हणाल, तर एका फोटोच्या जागेत या नोंदी शंभरदा मावतील. करायचं ठरवलं असतं तर सहज झालं असतं. ठरवलं नाही, एवढंच.

आणि आई, 'बीपीच्या ॲपला आपले सगळे कॉन्टॅक्ट्स कशाला लागतात गं?' हा तुझा प्रश्न आम्हा ॲप बनवणाऱ्यांच्या मीटिंगमध्ये कुणी विचारत नाही. मीसुद्धा नाही. संमतीच्या चौकोनात बरोबरची खूण आम्हीच आधी करून ठेवायची. बहुतेक लोक ती काढायला जात नाहीत, हे आम्हाला पक्कं ठाऊक असतं. असे चौकोन मीही बनवलेत. युरोपात २०१८ पासून लागू झालेला जीडीपीआर, म्हणजे लोकांच्या खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा, अशा आयत्या खुणेला संमती मानत नाही. वापरणाऱ्याने सेटिंगमध्ये काही बदललं नाही तरी कामापुरतीच माहिती घ्यायची, असं तो सांगतो. बाबांची पटापट 'हो' दाबायची सवयही आमचीच देणगी. २०१५ पर्यंत अँड्रॉइडवर सगळ्या परवानग्या ॲप टाकतानाच एकगठ्ठा द्याव्या लागत. नाही म्हटलं की ॲपच मिळत नसे.

आता सेटिंग्जमध्ये जाऊन त्या ॲपची कॉन्टॅक्ट्स आणि लोकेशनची परवानगी काढून टाका. तरी चालतं की नाही बघा, चालेलच.

मी दुसरं ॲप शोधलंय. नोंदी फोनमध्येच ठेवतं, लॉगिन मागत नाही. एअरप्लेन मोड लावून आठवडाभर वापरून पाहिलं. फोन पाण्यात पडला तर मात्र सगळंच जाईल, म्हणून महिन्यातून एकदा फाइलची कॉपी पेनड्राइव्हवर घ्यायची. ते मी आले की दाखवते.

आई, तुझी जुनी वही तेवढी टाकू नकोस. आधीचे आकडे त्यातूनच भरायचे आहेत.

तुमची,
लेक