संत्र्याचा रस कडू झाला, म्हणून हे पत्र

नागपूर, १२ डिसेंबर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

दसऱ्यापासून तुला एक ओळही लिहिली नाही, याची लाज वाटते. आईचा गुडघा बरा आहे, बाकी सारे ठीक. परवा मात्र असे घडले की ते तुझ्यावाचून कोणाला सांगावे हे सुचेना.

सीताबर्डीला तर्री-पोहे खाताना मी संत्र्याचा रस बाटल्यांत भरून विकण्यासाठी यंत्र घ्यायचा विचार सांगितला, तेव्हा तू म्हणालास, "आधी शंभर बाटल्या विकून दाखव, मग यंत्राचे नाव काढ," आणि मी पोहे अर्धे टाकून निघून गेलो. दिवाळीत आमच्या बैठकीत चाळीस जणांनी रसाची वाहवा केली, काकांनी तर तीन पेले घेतले, तेव्हा तुझा राग अधिकच आला.

परवा पहाटे प्रथमच छत्तीस बाटल्या घेऊन अंबाझरी तलावाशी उभा राहिलो. साठ रुपयांना एक. आठच्या आत सगळ्या संपल्या. संध्याकाळी एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. नातवासाठी फ्रिजमध्ये ठेवलेल्या बाटलीतला पहिलाच घोट त्या मुलाने थुंकून टाकला होता. मी घरी ठेवलेली सदतिसावी बाटली उघडली. रस कडू झाला होता.

मग चौकशी केली. आपल्या संत्र्याच्या बियांत आणि पांढऱ्या पापुद्र्यात असलेले एक द्रव्य रसातल्या आम्लामुळे काही तासांत कडू लिमोनिनमध्ये बदलते. रस तापवला तर आणखी लवकर. म्हणजे बैठकीत सर्वांनी प्यायला तो काढल्याकाढल्याचा रस, आणि मी विकणार होतो तो सकाळी भरून रात्री उघडला जाणारा. चाचणी झाली होती ती दुसऱ्याच मालाची, आणि तीही फुकट पिणाऱ्या आप्तांकडून.

तुझेही सगळे पटत नाही. शंभर बाटल्या मी एका आठवड्यात विकीन, पण त्या आंबिया बहाराच्या, म्हणजे आत्ता हिवाळ्यात निघणाऱ्या संत्र्यांच्या. मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्यात फुलून आलेला, माल फेब्रुवारीनंतर येईल, आणि त्याची चव वेगळी. दोन्ही बहार पाहायचे तर मार्च उजाडतो. यंत्रवाला वीस तारखेच्या आत आगाऊ रक्कम मागतो आहे, आणि ते पैसे आईच्या मुदतठेवीतले आहेत. थांबणे म्हणजे शहाणपण की भीती, हेच रात्रभर घोळते.

शेवटी वीस तारीख सोडून द्यायचे ठरवले आहे. बिया न चिरडता रस काढून दर रविवारी तीस बाटल्या विकीन आणि प्रत्येक खेपेतली एक बारा तासांनी, एक चोवीस तासांनी स्वतः चाखीन. मार्चअखेर पंधरा गिऱ्हाइके तिसऱ्यांदा पैसे देऊन परतली तर यंत्र, नाहीतर नाही. निकाल दिसल्यावर आकडा ठरवला तर माझे मन पळवाट काढील, हे तुझ्याइतके कोणाला ठाऊक नाही.

तुझ्या बदलीचे कळले. पुण्यात घर मिळाले का? मुलीच्या दहावीसाठी आशीर्वाद.

हे पत्र फाडू नकोस. मार्चमध्ये मी पंधराचे दहा करू लागलो, तर ते माझ्यापुढे धर.

तुझा मित्र