तिसऱ्या भागात पहिला भाग शोधताना

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ‘द एक्झॉर्सिस्ट ३’ या १९९० सालच्या चित्रपटावर वाचकांची मतं आली, ती मी दोनदा वाचून काढली. बहुतेकांचा सूर एकच आहे, पहिल्या भागाची सर नाही. कुणाला पहिला तासभर नुसत्या गप्पा वाटल्या, कुणाला पोलिसी तपासात भुताचा मागमूसही दिसला नाही. आणि शेवटी बाधा उतरवण्याचा जो विधी आहे, त्याबद्दल जवळजवळ प्रत्येकाने लिहिलंय की हे आधीच यायला हवं होतं. या एका तक्रारीसाठी मी हे पत्र लिहायला बसले. तो विधी या तिसऱ्या भागात मुळात नव्हताच! आपल्यासारख्या प्रेक्षकांना काय हवं असेल याचा अंदाज बांधून तो नंतर घुसडला गेला, आणि माझ्या मते चित्रपटाचं जे काही बिघडलं ते तिथेच.

मागचा थोडा संदर्भ द्यायला हवा, कारण पत्रांतून तो निसटलेला दिसला. विल्यम पीटर ब्लॅटी यांची मूळ कादंबरी १९७१ची आणि तिच्यावरचा विल्यम फ्रीडकिन यांचा चित्रपट १९७३चा, झपाटलेल्या मुलीची बाधा उतरवणाऱ्या पाद्र्यांचा. पटकथाही ब्लॅटींचीच होती आणि तिला ऑस्कर मिळालं. १९७७चा दुसरा भाग जॉन बूरमन यांचा. तो इथे विचारात घ्यायची गरज नाही, कारण तिसरा भाग त्याची दखलच घेत नाही. ब्लॅटींनी १९८३मध्ये ‘लीजन’ ही पुढची कादंबरी लिहिली आणि सात वर्षांनी तिच्यावरचा चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला. ‘लीजन’ हे नाव काढून मालिकेचा आकडा लावला तो स्टुडिओने. निम्मा घोळ या आकड्याने केला आहे. ‘लीजन’ नाव वाचून आत गेलेला माणूस वेगळी तयारी ठेवून बसतो. ‘३’ वाचून गेलेला पलंगाला बांधलेल्या मुलीची वाट बघत बसतो.

मीही तशीच बसले होते. पहिल्यांदा बघताना हातात रिमोट होता, आणि किंडरमन आणि फादर डायर यांच्या गप्पा मी सरळ पुढे ढकलल्या. पोलीस अधिकारी किंडरमन तिथे सांगत असतो की सासूने जिवंत मासा आणून घरच्या बाथटबमध्ये सोडलाय. तीन दिवस तो टबात खालीवर पोहतोय, म्हणून तीन दिवस अंघोळ नाही. मासा झोपल्याशिवाय घरी जायचं नाही, कारण पोहताना दिसला तर आपण त्याचा जीव घेऊ. भयपटात हे काय चाललंय, असं मला तेव्हा वाटलं होतं. पुढे काही वर्षांनी ‘लीजन’ वाचली आणि मग चित्रपट परत लावला, या वेळी रिमोट बाजूला ठेवून.

ती दोन माणसं त्या दिवशी भेटलेली असतात ते फादर कारस यांच्या स्मृतिदिनी. पहिल्या भागात मुलीला वाचवण्यासाठी तिच्यातलं सगळं स्वतःवर घेऊन कारस खिडकीबाहेर झेपावतात आणि वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाऊनच्या त्या उभ्या ७५ पायऱ्यांवरून कोसळतात, त्याला १५ वर्षं झालेली असतात. डायर इतरांना सांगतो की किंडरमन आज उदास असतो, त्याला जरा बरं वाटावं म्हणून मी जातोय. किंडरमनही आपल्या माणसांना डायरबद्दल नेमकं हेच सांगतो. दोघं मिळून सिनेमाला जातात आणि माशाबद्दल बोलतात. ज्याच्यासाठी भेटलो त्याच्याबद्दल बोलायचं टाळण्याची ती त्यांची रीत आहे.

मग थोड्याच वेळाने डायर हॉस्पिटलच्या खाटेवर मेलेला सापडतो. अंगातलं सगळं रक्त काढून घेतलेलं, एक थेंबही न सांडता भांड्यांमध्ये ओळीने भरून ठेवलेलं. आणि दोघांनी जो सिनेमा पाहिला त्याचंच नाव रक्ताने भिंतीवर लिहिलेलं, एक अक्षर जादा घालून. खून होताना एकदाही दाखवलेला नाही. माशाच्या गप्पा ज्याने पुढे ढकलल्या त्याला ही खोली फक्त किळसवाणी वाटते. ज्याने त्या ऐकल्या त्याच्या पोटात खड्डा पडतो. म्हणून ‘पहिला तास फुकट’ असं कुणी लिहिलं की मला फार वाईट वाटतं.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधल्या प्रसंगाचं मात्र सगळ्यांनीच कौतुक केलंय, आणि ते रास्त आहे. पण तो का जमला, याकडे कुणाचं लक्ष गेलेलं दिसलं नाही. कॅमेरा लांब, कॉरिडॉरच्या टोकाला ठेवलाय आणि तो हलत नाही. रात्रपाळीची नर्स तिच्या जागी आहे, पहारेकरी येतो-जातो. मध्येच कसलातरी आवाज येतो म्हणून ती एका खोलीत डोकावते, तर तो ग्लासातल्या बर्फाला तडा गेल्याचा. आपण एकदा दचकतो, मग सैल होतो. कॅमेरा पुन्हा त्याच टोकाला. ती दुसरी एक खोली तपासून बाहेर येते, दाराला कुलूप लावते, वळते, आणि पाठोपाठ पांढऱ्या कपड्यातली आकृती हातातली मोठी कात्री तिच्या मानेच्या दिशेने धरून बाहेर पडते. लगेच दृश्य बदलतं, शीर नसलेला एक पुतळा दिसतो, बस्स. हे करायला दिग्दर्शकाकडे दम लागतो, आणि बघणाऱ्याकडेही. ज्या संथपणाबद्दल तक्रार आहे, त्याच संथपणातून हा प्रसंग उभा राहिलाय. एक नको आणि दुसरं हवं, असं कसं चालेल?

आता त्या विधीबद्दल. ‘लीजन’ कादंबरीत तो नाही. ब्लॅटींनी आधी चित्रित केलेल्या चित्रपटातही नव्हता. ‘एक्झॉर्सिस्ट’ नाव आहे तर भूत उतरवणं हवंच, असा स्टुडिओने आग्रह धरला, पुन्हा चित्रीकरण झालं आणि निकोल विल्यमसन यांचा फादर मॉर्निंग कथेत आला. सांधा उघड दिसतो. या पाद्र्याचा किंडरमनशी काही संबंध नाही, डायरशी नाही. मध्येच एकदा तो आपल्या खोलीत दिसतो आणि शेवटी थेट हॉस्पिटलमधल्या त्या झपाटलेल्या रुग्णाच्या कोठडीत हजर होतो. मग जमीन दुभंगते, विजा चमकतात, साप निघतात. चांगल्या माणसांच्या वाट्याला असं मरण का यावं, हा प्रश्न किंडरमनने चित्रपटभर छातीशी धरलेला असतो, त्याला या आतषबाजीत जागाच उरत नाही. एक मात्र कबूल करते. त्याच ठिगळात, भिंतीला खिळल्यासारखा अडकलेला किंडरमन आपला कशाकशावर विश्वास बसलाय ते ओरडून सांगतो, मृत्यूवर, रोगावर, अन्यायावर, आणि तेव्हा ही भूमिका करणाऱ्या जॉर्ज सी. स्कॉट यांचा आवाज अक्षरशः अंगावर येतो. ती दोन मिनिटं मी कुणालाही काढू देणार नाही.

एका वाचकाने कोठडीतल्या रुग्णाचा चेहरा सारखा बदलतो म्हणून नाराजी कळवली आहे. मेलेल्या एका खुन्याने कारसच्या शरीरात ठाण मांडलंय. शरीर कारसचं आहे म्हणून जेसन मिलर दिसतात आणि आतून बोलणारा खुनी आहे म्हणून ब्रॅड डूरिफ. हे थोडं गोंधळाचं आहे खरं. पण डूरिफ साखळदंडात एका जागी बसून, नुसत्या आवाजाच्या चढउताराने जे करतात, ते पुन्हा एकदा फक्त कान देऊन ऐकावं, एवढीच त्या वाचकाला विनंती.

‘पहिल्यासारखंच हवं’ या मागणीने या मालिकेचं पुढेही नुकसान केलं. पॉल श्रेडर यांनी पूर्वकथेचा चित्रपट पूर्ण केला होता. तो बाजूला ठेवून रेनी हार्लिन यांच्याकडून जवळजवळ सगळा नव्याने करून घेतला आणि तो २००४मध्ये लावला. श्रेडर यांचा २००५मध्ये मागाहून आला. २०२३च्या भागात तर एकीच्या जागी दोन मुली झपाटल्या. कंपन्यांना दोष देणं सोपं आहे. पण आपली पत्रं वाचली तर त्यांचा अंदाज चुकलेला नाही, हेच मला टोचतं.

म्हणून वाचकांना एक सुचवते. २०१६मध्ये या चित्रपटाची दिग्दर्शकाच्या मूळ आराखड्यानुसार जुळवलेली आवृत्ती निघाली. वगळलेल्या दृश्यांची मूळ फिल्म हाती लागली नाही, म्हणून ती जुन्या व्हीएचएस टेपवरून घेतली आहेत. त्यात फादर मॉर्निंग नाहीत, विधी नाही, आणि कोठडीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकटे डूरिफ आहेत. स्वच्छ चित्र चालू असताना मध्येच ते पुसट होतं, रंग उडतात, कडा थरथरतात. जिथे जिथे असं होतं, तिथे कापून टाकलेला ‘लीजन’ चालू आहे असं समजावं आणि खुर्चीत जरा पुढे सरकून बघावं.

आपली,
एक नियमित वाचक