तळपायाला घामोळ्या येत नाहीत, बाबा

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा फोनवर ऐकून घेत नाहीत, म्हणून लिहून पाठवतेय. आई, हे त्यांना मोठ्याने वाचून दाखव.

काल तू सहज बोलून गेलीस, की बाबा रात्रभर तळपाय खाजवतात आणि लघवी गडद पिवळी होते. मागून बाबा म्हणाले, "नागपूरचा उन्हाळा आहे बाप्पा, ४५ डिग्री!" त्यानंतर मला झोप लागली नाही.

उन्हाने लघवी पिवळी होते, खरं आहे. पण माठातलं पाणी भरपूर पोटात गेलं की ती निवळते. घामोळ्यांचं पुरळ दिसतं. इथे पुरळ नाही, नुसती खाज. शिवाय बाबांनी पट्ट्याला नवं भोक पाडलंय, ते मी व्हिडिओ कॉलवर पाहिलं.

इतवारीतल्या मामांच्या वेळीही सगळे उन्हाळाच म्हणत होते. डोळे पिवळे झाले तेव्हा गळ्यात काविळीची माळ घातली, चुन्याच्या पाण्याने हात धुऊन कावीळ 'उतरवली'. पोट दुखत नव्हतं, ताप नव्हता, म्हणून कुणी घाबरलं नाही. तीन आठवडे असेच गेले. संडास शाडूच्या मातीसारखी पांढुरकी होते, हे मामी एकदाच, तेही दबक्या आवाजात बोलली होती. निघाला पित्तनलिकेचा कॅन्सर.

विष्ठेला रंग येतो तो पित्तामुळे. नळी बंद झाली की पित्त आतड्यात न उतरता रक्तात चढतं. मग संडास फिकी, लघवी कोऱ्या चहासारखी आणि अंगभर खाज. नळीत खडा अडकूनही असं होतं, पण तेव्हा बहुधा पोटात कळा येतात. न दुखणाऱ्या काविळीची मला जास्त भीती वाटते.

आई, उद्या सकाळी बाबांना गॅलरीत उजेडात उभं कर आणि डोळ्यांचा पांढरा भाग बघ. दिव्याखाली नको, पिवळेपणा कळत नाही. डोळे पांढरे दिसले तरी थांबू नका. रक्तातलं पित्ताचं पिवळं द्रव्य, म्हणजे बिलिरुबिन, साधारण १.२ पर्यंत ठीक, पण डोळ्यांत दिसेपर्यंत ते अडीच-तीनवर गेलेलं असतं. लिव्हरची रक्ततपासणी आणि पोटाची सोनोग्राफी उद्याच करा. बाबा, संडासचा रंग डॉक्टरांना स्वतः सांगा, लाजू नका. आणि थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना गाठा.

मी शुक्रवारच्या विदर्भ एक्स्प्रेसने निघतेय. रिपोर्ट तोवर हातात असू द्या.

तुमची,
मनू